दार उघडं ठेवणारा पाद्री



सकाळी भाकऱ्या थापताना बाजूला रेडिओ लागलेला असतो. एखादा अभंग होतो, एखादं चिंतन होतं, मग बाजारभाव सुरू होतात. देवाधर्माचं बोलणं रेडिओतून ऐकू येतं याचं आपल्याला काहीच नवल वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून मोठमोठी शहाणी माणसं भांडली होती. देवाचं नाव यंत्रातून घरोघर पाठवायचं? ते कोण ऐकेल, कुठं ऐकेल, कसं ऐकेल? ऐकणाऱ्याच्या पायात चपला असतील, डोक्यावर टोपी असेल, हातात दारूचा पेला असेल! मग त्या पूजेचं पावित्र्य राहिलं कुठं?

या भांडणात एक पाद्री उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या चर्चमध्ये आणा तुमचं यंत्र. त्यांचं नाव डिक शेपर्ड. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे.

शेपर्ड इंग्लंडचे. ते ज्या पंथाचे पाद्री होते त्याला अँग्लिकन म्हणतात, म्हणजे इंग्लंडच्या राजसत्तेशी बांधलेलं चर्च. नाशिककरांना हा पंथ अगदीच परका नाही. शहरातला शरणपूर रोड तुम्हाला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात याच पंथाच्या मिशनऱ्यांनी तिथं शरणपूर नावाची वस्ती उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंही तिथं राहून शिकली. पुढे १९७० साली उत्तर भारतातल्या अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्या एक झाल्या आणि त्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. असो. पंथाची ओळख एवढी पुरे. आपल्याला माणूस बघायचा आहे.

शेपर्ड जन्मले २ सप्टेंबर १८८० रोजी, विंडसर गावात. वडीलही पाद्री, तेही राजघराण्याच्या प्रार्थनामंदिरातले. म्हणजे घर मोठ्या लोकांत ऊठबस असलेलं. मुलाला सैन्यात जायचं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी तो निघालाही, पण स्टेशनवर जाताना वाटेतच अपघात झाला आणि पाय कायमचा दुखावला. लढाई राहिली. मग तो लंडनच्या पूर्व भागातल्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीत काम करायला गेला. दाटीवाटीची घरं, हातावर पोट असलेली माणसं, पगार दारूत जाणारी कुटुंबं. त्या वस्तीनं या श्रीमंताघरच्या पोराला माणसांशी बोलायला शिकवलं. १९०७ साली त्यांनी पाद्री म्हणून दीक्षा घेतली. सोबतीला दम्याचा आजार होता, तो जन्मभर सुटला नाही.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. शेपर्ड काही महिने फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात गेले. जखमी पोरं डोळ्यांदेखत मरत होती. त्यांच्या उशाशी बसायचं, घरी पत्र लिहून द्यायचं, शेवटचा शब्द ऐकायचा, हे त्यांचं काम. त्या दिवसांचा घाव त्यांच्या मनावर कायम राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या भरवस्तीतलं एक चर्च त्यांच्याकडे सोपवलं गेलं. ट्रॅफल्गर चौकातलं सेंट मार्टिन चर्च. चौक प्रसिद्ध, आजूबाजूला नाटकगृहं आणि हॉटेलं, पण चर्चमध्ये मोजकीच माणसं यायची.

शेपर्ड यांनी पहिलं काम काय केलं असेल? त्यांनी दाराची कडी काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं. देवाच्या घराला रात्री कुलूप कशाला? ज्याला जायला जागा नाही त्यालाच रात्री दार लागतं. जवळच चेरिंग क्रॉस स्टेशन होतं. फ्रान्सच्या आघाडीवरून आलेले सैनिक तिथं उतरायचे, थकलेले, चिखलानं भरलेले. रात्री राहायचं कुठं? सेंट मार्टिनचं दार उघडं असायचं. चर्चखाली तळघर आहे, तिथंही लोक टेकायचे. युद्ध संपलं, सैनिक गेले, पण त्यांच्या जागी बेघर आणि बेकार माणसं आली. दार उघडंच राहिलं. तू कुठल्या पंथाचा, चर्चला येतोस का, असं विचारून मग आत घेणं हा तिथला रिवाज नव्हता.

आता रेडिओकडे येऊ. बीबीसी म्हणजे ब्रिटनची आकाशवाणी. तिचं प्रसारण १९२२ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. तिचे मुख्य जॉन रीथ हे स्वतः पाद्रीघरचे. त्यांना रविवारी काहीतरी धार्मिक हवं होतं. स्टुडिओत बसून भाषणं झाली. पण चालू प्रार्थना, घंटा, गाणी, माणसांच्या खोकण्याखाकरण्यासकट सगळी घरोघर पोचवायची म्हटल्यावर चर्चवाले बिचकले. १९२३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या चर्चमध्ये राजपुत्राचं लग्न होतं. ते रेडिओवरून ऐकवू द्या म्हटल्यावर चर्चनं नकार दिला. लोक दारूच्या गुत्त्यात टोपी न काढता लग्नविधी ऐकतील, ही तेव्हाची भीती आजही सांगितली जाते. दुसरी भीती होती रिकाम्या बाकांची. घरबसल्या प्रार्थना मिळाली तर चर्चमध्ये येईल कोण?

शेपर्ड यांनी उलटा विचार केला. जो गुत्त्यात बसला आहे तोच तर चर्चमध्ये येत नाही. मग त्याच्यापर्यंत जायचं कुणी? आणि जी खाटेला खिळली आहे, तिनं काय करायचं? ज्या चर्चचं दार रात्रभर उघडं आहे, त्याच्या भिंतींनी आवाज कशाला अडवायचा? ६ जानेवारी १९२४, रविवार. सेंट मार्टिनमधली प्रार्थना जशी चालली तशी रेडिओवरून गेली. चर्चमधून थेट प्रसारित झालेली ब्रिटनमधली ही पहिली प्रार्थना. पुढे ती नेमानं होऊ लागली आणि शेपर्ड यांचा आवाज देशभर ओळखीचा झाला.

त्यांच्या बोलण्यात काय होतं? आपल्याकडचा चांगला कीर्तनकार आठवा. तो शास्त्र सांगतो, पण शास्त्र्यासारखं बोलत नाही. दुष्काळाचं बोलतो, सासरच्या जाचाचं बोलतो, मध्येच हसवतो. समोर हजार माणसं असली तरी प्रत्येकीला वाटतं, हे माझंच बोलतायत. शेपर्ड यांचं तसं होतं. चर्चची जड भाषा ते टाळायचे. दम लागत असला तरी आवाजात ऊब असायची. कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात, हसलेले कळतात, डोळे पुसलेले कळतात. मायक्रोफोनपुढे तसं काहीच नसतं. दूर कुठंतरी एक एकटं माणूस बसलं आहे, त्याच्याशी बोलायचं. हे त्यांना साधलं.

आणि ते एकटं माणूस फार वेळा बाईच होतं. तो काळ बघा. रेडिओ नवा होता. साधा रेडिओ विजेशिवाय चालायचा, पण त्याला लांब तार बांधावी लागे आणि आवाज इतका बारीक की कानाला यंत्र लावूनच ऐकावं लागे. घरात ते यंत्र बहुतेक एकच. ते कुणाच्या कानाला असेल? घरच्या कर्त्याच्या किंवा मोठ्या मुलाच्या! सुरुवातीची काही वर्षं रेडिओ हा पुरुषांचा छंदच होता. आपल्या घरात पहिला मोबाइल आला तेव्हा तो कुणाच्या खिशात होता, ते आठवा म्हणजे कळेल. पण हळूहळू मोठ्यानं बोलणारे रेडिओ आले, ते स्वयंपाकघरापर्यंत पोचले, आणि दिवसभर घरात असणारी बाई ही रेडिओची खरी श्रोती झाली.

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाचं नाव सांगते. कॅथलीन कॉर्ड्यू. लंडनजवळ राहणारी एक साधी श्रोती, ना पाद्री, ना पुढारी. रविवारची प्रार्थना ठीक आहे, पण आजारी माणसाला, म्हाताऱ्या बाईला, एकट्या पडलेल्या जिवाला सोमवार ते शनिवार कोण विचारतं? रोज थोडा वेळ तरी प्रार्थना ऐकवा, असं तिचं मागणं होतं. १९२६ साली तिनं त्यासाठी पत्रं लिहायला सुरुवात केली. नुसत्या पत्रांवर ती थांबली नाही, तिनं हजारो सह्या गोळा केल्या. शेवटी बीबीसीनं ऐकलं. २ जानेवारी १९२८ पासून रोज सकाळी सव्वादहाला प्रार्थनेचा छोटा कार्यक्रम सुरू झाला. घरातली माणसं कामाला गेली, पोरं शाळेत गेली, भांडी घासून झाली आणि बाई घटकाभर टेकली, अशी ती वेळ. त्या एका बाईच्या मागणीतून सुरू झालेला कार्यक्रम जवळजवळ शंभर वर्षं चालत आला आहे.

हे मुद्दाम सांगते. इतिहासात माईकपुढे बोलणाऱ्याचं नाव राहतं. पण ऐकणारीनं काय मागितलं, हाही इतिहासच आहे. शेपर्ड यांनी दार उघडलं, आणि कॉर्ड्यूबाईंनी ते रोज उघडायला लावलं.

शेपर्ड यांचा आवाज फक्त धीर देण्यापुरता नव्हता. कधी कधी त्यांनी लोकांना टोचलंही. युद्ध संपलं तो दिवस ११ नोव्हेंबर. दरवर्षी त्या रात्री लंडनमध्ये श्रीमंतांचे नाचगाण्याचे जलसे व्हायचे. विजयाचा आनंद! १९२५ साली शेपर्ड यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून याला हरकत घेतली. ज्या घरातला मुलगा परत आला नाही, ज्या बाईचं कुंकू गेलं, तिला हा दिवस कसला? आणि जे परत आले ते बेकार होऊन रस्त्यावर फिरतायत, त्यांच्या नाकासमोर ही मेजवानी? पत्र गाजलं. ठरलेला नाच त्या रात्री झाला नाही. अल्बर्ट हॉल या सभागृहात मेलेल्यांच्या स्मरणाची प्रार्थना झाली आणि ती शेपर्ड यांनीच चालवली.

दम्यानं त्यांना फार छळलं. १९२६ साली सेंट मार्टिन सोडावं लागलं. १९२९ ला कँटरबरीच्या मोठ्या चर्चचे प्रमुख झाले, तेही आजारपणानं १९३१ मध्ये सोडलं.

त्यांच्या कँटरबरीच्या दिवसांत आपल्या नाशिकमध्ये काय चाललं होतं? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि सत्याग्रहींमध्ये बायकाही होत्या. मागणं एवढंच, देवाचं दार आम्हालाही उघडा. सत्याग्रह काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

लंडन आणि नाशिकची सरळ तुलना करता येणार नाही. तिथं जातीनं दार बंद नव्हतं, आपल्याकडे होतं. शिवाय शेपर्ड ज्या देशाचे, त्या देशाची आपल्यावर सत्ता होती. पण प्रश्न दोन्हीकडे एकच दिसतो. देवाच्या घराचं दार कुणासाठी, आणि ते उघडायचा हक्क कुणाचा? रेडिओनं या प्रश्नाला एक वेगळीच बगल दिली. आवाजाला उंबरठा नसतो. आपल्याकडे चार दिवस बाहेर बसणारी बाई, विधवा म्हणून मागे उभी राहणारी बाई, गाभाऱ्यात पाऊल टाकायची मनाई असलेली बाई, या सगळ्यांच्या कानावर रेडिओतला अभंग सारखाच पडतो. रेडिओला विटाळ होत नाही. मात्र नुसता आवाज आत आला म्हणून माणसाला हक्क मिळतो असं नाही, हेही काळारामाच्या पायरीवर बसलेल्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यासाठी बाहेर पडून बसावंच लागतं.

शेपर्ड यांनाही शेवटी बाहेर पडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमू लागले होते. १९३४ च्या ऑक्टोबरात त्यांनी वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन केलं. मी युद्ध सोडलं आणि पुन्हा कुठल्याही युद्धाला साथ देणार नाही, असं मानणाऱ्यानं मला एक पोस्टकार्ड पाठवावं. पोस्टकार्डांचा ढीग लागला. यातून शांतता शपथ संघ ही संघटना उभी राहिली. दोन-तीन वर्षांत शपथ घेणारे एक लाखाच्या वर गेले. गांधीजींच्या सत्याग्रहाच्या विचाराचाही या मंडळींवर प्रभाव होता.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पहिल्या आवाहनात शेपर्ड यांनी फक्त पुरुषांनाच बोलावलं होतं. कारण त्यांनी चांगलं दिलं. शांततेचं ओझं आजवर बायकांनीच वाहिलं, आता पुरुषांनी खांदा द्यावा. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या बायकांनी मुलं गमावली, नवरे गमावले, त्यांना शपथ घ्यायला मज्जाव का? १९३६ मध्ये बायकांनाही सामील करून घेतलं. शेपर्ड यांच्या बरोबरीनं मॉड रॉयडन नावाच्या बाई शांततेचं काम करत होत्या. दोन सैन्यांच्या मध्ये निःशस्त्र माणसांनी जाऊन उभं राहावं, अशी शांतिसेना उभारायची हाक १९३२ मध्ये या दोघांनी आणि आणखी एका पाद्र्यानं मिळून दिली होती. रॉयडनबाई उत्तम वक्त्या. पण बाई म्हणून त्यांच्या स्वतःच्या चर्चनं त्यांना पाद्री होऊ दिलं नाही. उघड्या दाराच्या चर्चमध्येही एक दार बायकांसाठी बंदच होतं. इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्या बायका पाद्री झाल्या त्या १९९४ साली.

घरातली गोष्टही सांगायला हवी. शेपर्ड यांचं लग्न १९१५ साली झालं होतं, दोन मुली होत्या. पण हा माणूस दिवसरात्र लोकांचा. दार ठोठावणाऱ्या कुणालाही नाही म्हणायचं नाही, शिवाय आजारपण. १९३७ मध्ये पत्नी त्यांना सोडून गेली. दोष कुणाचा हे आपण ठरवायला नको. पण समाजाचं काम करणाऱ्या घरात काय काय ताणलं जातं, हे बचत गट चालवणाऱ्या आपल्याला कळतं. हजारो घरांना धीर देणारा माणूस स्वतःच्या घरात एकटा पडला.

त्याच ऑक्टोबरात ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना मानाच्या रेक्टरपदी निवडून दिलं. हरलेल्यांत विन्स्टन चर्चिल होते, जे पुढे युद्धकाळात पंतप्रधान झाले. काही दिवसांतच, ३१ ऑक्टोबर १९३७ रोजी, शेपर्ड त्यांच्या मेजाशी बसल्या जागी गेले. वय सत्तावन्न. देह सेंट मार्टिनमध्ये आणला, आणि दर्शनाला हजारो माणसांची रांग लागली. दोनच वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. पोस्टकार्डांनी ते थांबलं नाही. पण सेंट मार्टिनच्या बेघरांसाठी नाताळात बीबीसीवरून मदतीचं आवाहन १९२७ पासून होत आलं, ते अजूनही होतं.

आता आपल्या रेडिओबद्दल दोन शब्द. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. पुढे आकाशवाणीवरून ‘वनिता मंडळ’सारखे कार्यक्रम झाले आणि बायकांचा आवाज हवेत आला. तरी रेडिओ होता सरकारच्या हातात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ च्या धोरणानं गावपातळीवरच्या संस्थांना स्वतःचा रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायकांनी संघम रेडिओ सुरू केला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी उभी राहिली. कधीकाळी जिच्या कानालाही यंत्र मिळत नव्हतं, तिच्या हातात आता माईक आहे.

माईक हातात आला की शेपर्ड यांच्यापुढचे प्रश्न आपल्यापुढे येतात. आपल्या गटाच्या बैठकीला कोण येत नाही? अंथरुणाला खिळलेली सासू, ऊसतोडीला गेलेली, वस्तीच्या टोकाला राहणारी, नवऱ्यानं घराबाहेर पाऊल टाकू न दिलेली. आपला कार्यक्रम तिच्यासाठी आहे का? तिला कुठली वेळ सोयीची, हे आपण तिला विचारलं का? आणि जी फक्त ऐकते, तिला कॉर्ड्यूबाईंसारखं काही मागायचं असेल, तर तिनं ते कुणाकडे मागायचं?

या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीनं अशा एका घराचं नाव सांगा, जिथली बाई आपल्यापर्यंत येऊ शकत नाही. मग दोघीजणींनी त्या घरी जा आणि तिला काय ऐकायचं आहे ते विचारून या. लिहिता येत असेल तर पोस्टकार्ड पाठवा, नाहीतर तिच्याच आवाजात मोबाइलवर भरून आणा.

तिचं मागणं आपण वाचू, ऐकवू.